कमांडातली बांधी

इंग्रजीतले हुकमाचे शब्द फार उद्धट, असे मी पूर्वी चारचौघांत ठासून सांगत असे. 'कमांड' हा त्यांतला म्होरक्या. नुसता उच्चारला तरी कोणीतरी टाचा जुळवल्याचा भास होतो. पण माझी सासुरवाडी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीकडची. तिथे मामाजींबरोबर (सासऱ्यांना तिकडे मामाजी म्हणतात) एका पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जाण्याचा योग आला आणि माझे मत पार फिरले.

"तुमची बांधी कमांडात आहे ना? मग झालं तर!" साहेब म्हणाले.

"कमांडात हाय जी," मामाजी म्हणाले, "पन पानी नाई ना येत."

साहेबांनी नकाशा उलगडला. त्यात आमची धानाची बांधी छान हिरवीगार रंगवलेली होती.

आता या 'कमांड'चा अर्थ पाहा. टेकडी दरीवर कमांड करते, म्हणजे टेकडी उंच आणि दरी तिच्या टप्प्यात. तसाच कालवा उंच, शेत खाली. पाणी उताराने तिथवर जाऊ शकते, एवढेच. जाईलच, असे इंग्रज बापडा कुठे म्हणतो? आम्ही मराठीत त्याचे काय केले? 'लाभक्षेत्र'! जे होऊ शकते ते झालेच म्हणून मोकळे. उद्धट कोण मग, सांगा. हुकूम सोडणारा परवडला. न दिलेल्या देणगीची पावती फाडणारा नको.

बरे, हा नुसता शब्दांचा खेळ असता तर मी गप्प बसलो असतो. 1999 च्या पुनर्वसन कायद्याने लाभक्षेत्रातल्या जमिनीच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध येऊ शकतात. हेतू चांगला आहे. ज्यांची गावे धरणात गेली त्यांना जमीन मिळायला हवी. पण निर्बंध कागदावरून येतात, पाण्याला कालव्यातून यावे लागते. गोसीखुर्दची पायाभरणी 1988 साली झाली. त्याचा उजवा कालवा आमच्या तालुक्यातल्या आसोलामेंढा तलावाला जोडायचा. 1988 साली मामाजींचे केस काळे कुळकुळीत होते.

खरी हुकमत या मुलखाने मालगुजारांची पाहिली. 1951 साली मालगुजारी गेली, त्यांचे तलाव 'माजी मालगुजारी' झाले आणि लोकांनी त्यातले दोन 'मा' तेवढे उचलून 'मामा तलाव' केला. असे भाषांतर कोणत्या समितीला जमेल?

माझी सूचना साधी आहे. पाणी बांधीत उतरेपर्यंत 'उतारक्षेत्र' म्हणा, 'लाभ' नंतर जोडा. मी ती साहेबांसमोर मांडलीही.

"शबद कोन्ताबी ठेवा जी," मामाजी मध्येच म्हणाले, "रोवण्याच्या आधी पानी सोडा."

साहेबांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. सहीच्या जागेखाली 'लाभधारक' असे आधीच छापलेले होते. मामाजींनी चष्मा पुसला आणि झोकदार सही ठोकली.