पलटणची यादी वाचा, पण टाकळीभान विसरू नका



पारावर परवा विषय निघाला, पुणेरी पलटणचे किती खेळाडू भारताकडून खेळले? पोरांनी मोबाईल काढले आणि धडाधड नावं सांगितली. मी ऐकत होतो. ही यादी नीट वाचली तर आपल्या जिल्ह्याला तिच्यातून बरंच शिकता येईल, म्हणून हे लिहितोय. जरा लांब झालंय, पण वाचा.

२०१६ पासून बघू. त्या वर्षी अहमदाबादला कबड्डीचा विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताने इराणला ३८-२९ असं हरवलं. सामना फिरवला तो अजय ठाकूरने. त्या संघात अजय, मनजीत छिल्लर आणि दीपक हुडा असे तिघं त्या वर्षी पुण्याकडून खेळलेले होते. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण अजय हिमाचलचा, मनजीत दिल्लीकडचा, दीपक हरियाणाचा. जर्सीवर पुणे होतं, पण घडलेली पोरं बाहेरची. त्या विश्वविजेत्या संघात महाराष्ट्राच्या मातीतला एकही खेळाडू नव्हता! कबड्डी आपला खेळ म्हणून छाती फुगवणाऱ्या राज्याची ही गत.

आता २०२३ ला या. जूनमध्ये बुसानला आशियाई अजिंक्यपद, ऑक्टोबरमध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धा. दोन्हीकडे अंतिम सामना इराणशी, दोन्हीकडे भारत जिंकला. हांगझोऊचा सामना आठवत असेल. पवन सेहरावतच्या चढाईवरून नियमाचा वाद पेटला, खेळ तासभर थांबला आणि शेवटी ३३-२९ ने सोनं आलं. त्या संघात पलटणचे दोन खेळाडू होते, नाशिककडचा आकाश शिंदे आणि आपल्या जिल्ह्याचा अस्लम इनामदार. टाकळीभान, तालुका श्रीरामपूर.

गंमत बघा. समोर इराणकडून उभा फजल अत्राचली हा आदल्या हंगामात अस्लमचाच पलटणमधला कप्तान. आणि शादलूला त्याच आठवड्यात झालेल्या लिलावात पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतलं. पुढे १ मार्च २०२४ ला अस्लमच्या कप्तानीत पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा शादलू त्याच्याच बाजूने पकडी करत होता. क्लबची यादी अशी असते. लिलावात नावं येतात आणि जातात. खेळाडू घडतो तो त्याच्या फार आधी, कुठल्यातरी गावच्या मैदानावर.

अस्लमचे वडील तो लहान असतानाच गेले. आईने दुसऱ्यांच्या घरी कामं केली, पोरांनी शेतावर मजुरी केली. अशा घरातून पोरगं भारताच्या संघात गेलं ते त्याच्या हिमतीवर आणि थोड्या लोकांच्या मदतीवर. पण एका अस्लममागे किती अस्लम बारावीच्या आधीच खेळ सोडतात, त्याची यादी कोणाकडे आहे?

काहीजण म्हणतील, खेळायला पुण्याला गेला तर बिघडलं काय? काहीच नाही. पण पंधराव्या वर्षी पुण्याला राहायला ज्याला परवडतं तोच जातो. आणि पोरींना तर कोणी पाठवतच नाही.

पोरींचं गणित आणखी अवघड. मुलांना प्रो कबड्डी आहे. मुलींची लीग म्हणाल तर २०१६ ला तीन संघांची छोटी स्पर्धा झाली. मुलीला एकच शिडी: क्लब, जिल्हा, राज्य, देश. तरीही २०१२ ला पाटण्याच्या विश्वचषकात दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के या आपल्या तिघी जिंकल्या. मुंबईच्या शिवशक्ती संघाची सोनाली शिंगटे २०१८ ला जकार्तात रौप्य घेऊन आली आणि नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात विश्वविजेत्या संघात होती. तिला सुरुवातीला बूटसुद्धा घेता येत नव्हते. शिवशक्तीचे प्रशिक्षक राजेश पाडावे यांनी बूट आणि किट दिलं. क्लबचं खरं काम हेच. त्याला दोन कोटी लागत नाहीत.

आता आपल्याकडे बघू. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा जिल्हा, १४ तालुके. मार्च २०२४ ला वाडिया पार्कवर राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा झाली, गर्दी काय होती! जत्रेला, गणपतीत कुठलातरी चषक असतोच. फ्लेक्स, डीजे, फटाके, बक्षीस. सकाळी मैदानावर पत्रावळ्या उरतात. त्याच पैशात तालुक्याला एक मॅट येते की नाही, हिशोब करून बघा. आंतरराष्ट्रीय कबड्डी आज मॅटवर, बूट घालून होते. मातीत वाढलेल्या पोराचा पाय मॅटवर वेगळा पडतो. निवड चाचणीच्या दिवशी तो पहिल्यांदा मॅटवर उतरणार असेल तर निकाल आधीच लागलेला असतो.

आपण राळेगणचे. १९७५ नंतर अण्णांसोबत या गावाने काय केलं? पाऊस जास्त पाडला का? नाही. पडलेलं पाणी अडवलं, जिरवलं. आपल्या शाळेने इतरांनी नापास म्हणून सोडलेली पोरं घेतली आणि पास केली. खेळात मात्र आपलं पाणी अजून वाहून जातंय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी ग्रामसभेपुढे येतो, त्यात तीन गोष्टी मांडू. एक, आसपासच्या गावांनी मिळून एक मॅट, १३ बाय १० मीटरची. मुलींच्या १२ बाय ८ च्या रेषा त्याच्यावरच आखता येतात. दोन, रोज ठरलेला वेळ फक्त मुलींचा आणि तिथे एक जबाबदार बाई हजर. तीन, जिल्हा निवडीला जाणाऱ्या पोरांचा प्रवास आणि जेवण गावाच्या खर्चातून, आणि त्याचा हिशोब फळ्यावर.

आईबाप विचारतात, खेळून पोट भरतं का? सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी आधी स्पर्धेपर्यंत पोचावं लागतं. पोचवायचं काम गावाचं.

२०२६ च्या सप्टेंबरात जपानमध्ये पुन्हा आशियाई स्पर्धा आहेत. टीव्हीपुढे बसून टाळ्या वाजवूच. पण त्याआधी एका ग्रामसभेला या आणि हात वर करा. तुमच्या गावात मॅट आहे का, मुली खेळतात का, तेही सांगा. नुसता अंगठा देऊन पुढे जाऊ नका.

जय हिंद, जय महाराष्ट्र.