प्रिंटरची किल्ली कोणाच्या हाती?

उमरीसारख्या तालुक्याच्या गावी, शाळेच्या कार्यालयात किंवा सेवा केंद्रात, नवा प्रिंटर आला की एक प्रसंग हमखास घडतो. यंत्र जोडले जाते, पण संगणक ते ओळखत नाही. पडद्यावर प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो. तो ठाऊक असलेला तंत्रज्ञ नांदेडला, आणि दाराशी दाखल्यांसाठी रांग! अखेर फोनवरून पासवर्ड सांगितला जातो व दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर चिकटवलेला आढळतो. याला सुरक्षितता म्हणायचे काय?

दोष कर्मचाऱ्याचा नव्हे, रचनेचा आहे. ड्रायव्हर हा यंत्र आणि संगणक यांच्यामधला दुभाषा. असे अनेक दुभाषे प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये बसतात. तेथील एक चूक सारा संगणक बंद पाडते. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा आज्ञावलीने जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की कर्नेलमधील ड्रायव्हर जुनाच होता. बिघडली होती ती त्याला पुरवलेली माहितीची फाइल.

सरसकट मोकळीकही निर्धोक नाही. विंडोजमध्ये सामान्य वापरकर्त्याला सर्व्हरवरून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवता येत असे. 2021 मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ या दोषामुळे हीच वाट घुसखोरांना संगणकाचा संपूर्ण ताबा देऊ शकते, हे उघड झाले. त्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने प्रशासकाची अनुमती आवश्यक केली. घुसखोराची वाट अडली खरी. भिंतीवरच्या कागदाचे महत्त्व मात्र वाढले!

आमच्या मते, ड्रायव्हर बसवणे आणि बसलेल्या ड्रायव्हरची मांडणी बदलणे ही दोन भिन्न कामे आहेत. कागदाचा आकार वा स्कॅनरची सूक्ष्मता ठरवण्यास प्रशासक कशाला हवा? लिनक्समध्ये प्रिंटर सांभाळण्याचा अधिकार ठरावीक गटापुरता देता येतो, आणि कोणते उपकरण कोणी हाताळावे हे ‘यूडेव्ह’च्या नियमांनी ठरते. सी-डॅकची, 2007 साली आलेली ‘बॉस’ प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. अर्थात, वापरकर्त्याने दिलेले प्रत्येक मूल्य मर्यादेत आहे की नाही, हे ड्रायव्हरने स्वतः तपासलेच पाहिजे. अन्यथा गटांची सारी व्यवस्था व्यर्थ.

विंडोजवरही तपासलेले, स्वाक्षरीयुक्त ड्रायव्हर प्रशासकाला आधीच साठवून ठेवता येतात. नांदेडचा तंत्रज्ञ एका फेरीत एवढे करून गेला, तर उमरीतील कारकुनाला यूएसबीची तार जोडण्यापलीकडे काही करावे लागत नाही.