घरची अंडी, घरचा मध : फुकट कुणाला पडतात?

गच्चीवर चार कोंबड्या आणि अंगणाच्या कोपऱ्यात मधमाश्यांची एक पेटी. शहरालगतच्या बंगल्यांत आणि फार्महाऊसमध्ये ही हौस आता बरीच दिसते. कारणेही समजण्यासारखी आहेत. बाजारातल्या अंड्यांवर विश्वास नाही, मधात भेसळ असते, आणि मुलांना निसर्गाची ओळख व्हावी असेही वाटते. मग दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टर, घरचं म्हणजे सुरक्षितच ना?"

ताजे नक्कीच. सुरक्षित आणि स्वस्त मात्र आपोआप होत नाही. माझे म्हणणे असे की या हौसेचा खरा खर्च हिशेबाच्या वहीत येत नाही, आणि तो बहुतेक वेळा हौस करणारा भरतही नाही. तो भरतात घरातली लहान मुले, म्हातारी माणसे, खुराडे साफ करणारी बाई आणि शेजारी.

आधी पैशाचे बोलू

गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते आणि दिवसाला 80 ते 100 ग्रॅम खाते. म्हणजे वर्षाला 30 ते 36 किलो खाद्य. 70 अंड्यांनी भागून पाहा. एका अंड्यामागे जवळजवळ अर्धा किलो खाद्य! खेड्यात हा खर्च जाणवत नाही, कारण तिथली कोंबडी उकिरड्यावरचे किडे आणि खळ्यात सांडलेले धान्य टिपून स्वतःचे पोट भरते. गच्चीवरच्या कोंबडीला तुम्ही विकत आणून घालता. शिवाय पिल्लू अंड्यावर यायला पाच-सहा महिने लागतात, कोंबडी खुडूक झाली की अंडी थांबतात आणि दोन वर्षांनंतर ती कमी होत जातात. कोंबडी मात्र पुढे कितीतरी वर्षे खात राहते.

पोषणात फरक किती? कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर आणि बलकाचा रंग तिच्या खाण्यावर ठरतो. प्रथिने दोन्हींत जवळपास सारखीच. तेव्हा 'गावठी म्हणजे औषधी' हा समज सोडून द्या.

खुराड्यातून घरात काय येते?

पहिला पाहुणा म्हणजे साल्मोनेला हा जिवाणू. कोंबडी ठणठणीत दिसते, पण तिच्या विष्ठेत, पिसांवर, पायांवर आणि अंड्याच्या कवचावर तो असू शकतो. धडधाकट माणसाला चार दिवस जुलाब आणि ताप येऊन जातो. पाच वर्षांखालील मूल, पासष्टीपुढची व्यक्ती, गरोदर स्त्री, मधुमेही, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड घेणारा रुग्ण यांना मात्र सलाईनपर्यंत जावे लागू शकते. आणि पिल्लांना गालाशी धरणारे कोण असते? घरातले सर्वांत लहान मूल. 'घरचेच आहे' म्हणून दुधात कच्चे अंडे फेटून पिण्याची पद्धतही याच कारणासाठी बंद करा.

दुसरा पाहुणा बर्ड फ्लू. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आणि 2021 मध्ये परभणीतल्या मुरुंब्याला काय झाले, ते अनेकांना आठवत असेल. अशी साथ आली की ठरलेल्या परिघातले सगळे पक्षी नष्ट करावे लागतात, त्यात घरच्या चार कोंबड्याही आल्या. माणसाला हा आजार क्वचित होतो, पण होतो. 2024 मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका चार वर्षांच्या मुलाला एच9एन2 हा पक्ष्यांचा फ्लू झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने कळवले. त्या मुलाचा घरी आणि आसपास कोंबड्यांशी संपर्क आला होता.

तिसरी गोष्ट अँटिबायोटिक. कोंबडी मलूल दिसली की दुकानातून पूड आणून पाण्यात मिसळली जाते. मानमोडी हा विषाणूचा आजार आहे. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, लस हाच उपाय. उलट औषधाचा अंश अंड्यातून तुमच्या ताटात येतो आणि जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात. माणसासाठी शेवटच्या फळीचे औषध असलेले कोलिस्टिन अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला 2019 मध्ये आपल्याकडे बंदी करावी लागली, ती याच भीतीने.

चौथी गोष्ट कुणी मोजतच नाही. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, आणि उंदीर, अंडी व पिल्ले यांच्या मागे साप. खुराडे झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको, ते यासाठी.

आणि माती. ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये घरच्या कोंबड्यांची अंडी तपासली, तेव्हा त्यांत दुकानातल्या अंड्यांपेक्षा सरासरी 40 पट शिसे आढळले. जुन्या रंगाचे पोपडे आणि पूर्वीच्या शिसेयुक्त पेट्रोलवरच्या वाहनांचा धूर यांमुळे शिसे मातीत साठलेले असते आणि कोंबडी माती टिपते. आपल्याकडे रंगातल्या शिशावर कडक मर्यादा 2017 च्या अखेरीस लागू झाली. म्हणजे जुन्या वाड्याच्या किंवा गॅरेजशेजारच्या अंगणात कोंबड्या सोडताना विचार हवाच. शिशाचा सर्वांत जास्त त्रास होतो तो लहान मुलांच्या मेंदूला.

मधमाशीचा डंख

आपल्याकडची सातेरी माशी तशी शांत. डंख बसला तर बहुतेकांना थोडी सूज आणि खाज येते, एवढेच. पण काहींना तीव्र अॅलर्जी होते. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, धाप लागणे, उलट्या, चक्कर. हे काही मिनिटांत घडते आणि जीव जाऊ शकतो. मागच्या वेळी काही झाले नाही म्हणून या वेळीही होणार नाही, असा नियम नाही. घरात कुणी बीटा ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर अशा वेळी उपचारही अवघड होतात.

नांगी अडकली असेल तर नखाने लगेच खरवडून काढा. लोखंड घासणे, चुना लावणे यात वेळ घालवू नका. वरची लक्षणे दिसली तर उपाय एकच, मांडीत अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन. सेट्रिझिनची गोळी हा त्याला पर्याय नाही. परदेशात रुग्ण जवळ बाळगतात तशी तयार अॅड्रिनॅलिन पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. त्यामुळे खरा प्रश्न असा, की हे इंजेक्शन देणारा दवाखाना तुमच्या घरापासून किती मिनिटांवर आहे, आणि तो रात्री उघडा असतो का?

मधाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका. सोन्याची अंगठी बुडवून नाही, बाळगुटीतून नाही, बारशालाही नाही. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूची बीजे असू शकतात, आणि ती घरच्या मधाच्या उकळीनेही मरत नाहीत. बाळाच्या आतड्यात ती वाढली की बद्धकोष्ठता होते, रडणे क्षीण होते, बाळ दूध ओढेनासे होते आणि अंग लुळे पडते. मध शुद्ध असला तरी हा धोका राहतोच.

मग पाळायचेच नाही का?

असे मी म्हणत नाही. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यावरच्या घराला दहा कोंबड्या म्हणजे मुलांचे पोषण आणि अडीअडचणीचा पैसा. तिथे लस आणि सल्ला पोहोचवणे हे सरकारचे काम आहे. माझा सल्ला हौसेने पाळणाऱ्यांना आहे. सुरुवात करण्याआधी एवढे करा :

* घरात कोण कोण राहते ते पाहा. बाळ, गरोदर स्त्री, दमेकरी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कुणी असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.
* खुराडे कोण साफ करणार ते ठरवा. ते काम कामवाल्या मावशींवर टाकणार असाल, तर मास्क, हातमोजे, साबण आणि वेगळ्या चपला ही जबाबदारी तुमची.
* कोंबडी किंवा अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. अंडी पूर्ण शिजवून खा. लसीकरण पशुवैद्यकाला विचारून करा.
* मधमाश्यांची पेटी आणण्याआधी प्रशिक्षण घ्या. महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संस्था हे काम करतात.
* शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्यापैकी कुणाला पूर्वी डंखाची अॅलर्जी झाली असेल, तर पेटी आणू नका.

शेवटचा मुद्दा लोकांना सर्वांत जड जातो. जागा आपली, हौस आपली, मग विचारायचे कशाला? कारण माशी कुंपण ओळखत नाही. अंडी आणि मध तुम्ही खाणार असाल, तर त्यांची किंमतही तुम्हीच मोजायला हवी. तेवढी तयारी असेल, तर जरूर पाळा.