स्मृतिभ्रंश आणि आपला दस्तरखान: संशोधन काय सांगतं, घरात काय करावं?

मराठीत म्हणतात ‘साठी बुद्धी नाठी’, उर्दूत म्हणतात ‘सठिया गए’. दोन्ही भाषांनी म्हातारपणीच्या विसरण्याची थट्टा केली आणि विषय तिथेच सोडून दिला. पण डिमेन्शिया म्हणजेच स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासातून २०२३ मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना तो आहे. म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये त्याचं प्रमाण जास्त आढळलं.

हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. त्यामुळे घरचे लोक साहजिकच जेवणाकडे वळतात. कुणी भिजवलेले बदाम सांगतं, कुणी खोबरेल तेल, कुणी हजारो रुपयांची पावडर. व्हॉट्सॲपवर तर रोज नवा नुस्खा येतो. म्हणून दोन प्रश्न वेगळे करून पाहायला हवेत. आजार होऊ नये म्हणून काय खावं, हा एक. आणि आजार झालेल्या अम्मी-अब्बांना काय खाऊ घालावं, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं एक नाहीत आणि आपल्या घरांत नेमकी इथेच गल्लत होते.

आजार होण्याआधी

अमेरिकेतल्या शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘माइंड’ नावाची आहारपद्धती मांडली. पालेभाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुका मेवा, मासे आणि कोंबडी जास्त. लाल मांस, लोणी, तळलेलं आणि गोड कमी. असं खाणाऱ्यांमध्ये अल्झायमर कमी दिसला, म्हणून मोठा गाजावाजा झाला. पुढे ६०४ जणांवर तीन वर्षं रीतसर चाचणी झाली. २०२३ मध्ये तिचा निकाल आला, तेव्हा माइंड आहार घेणारे आणि नेहमीचंच पण थोडं कमी खाणारे, या दोन गटांत स्मरणशक्तीचा लक्षणीय फरक निघाला नाही.

मग आहाराचा उपयोगच नाही का? तसंही नाही. फिनलंडमध्ये सुमारे १२६० वृद्धांवर झालेल्या ‘फिंगर’ चाचणीत आहाराबरोबर व्यायाम, मेंदूला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर हे सगळं एकत्र होतं. दोन वर्षांनी त्या गटाची बौद्धिक क्षमता दुसऱ्या गटापेक्षा चांगली आढळली. अमेरिकेत २१११ जणांवर झालेल्या ‘पॉइंटर’ चाचणीचा २०२५ मधला निकालही याच दिशेचा आहे. ताट एकटं फार काही करत नाही. ताट, चालणं, माणसांत मिसळणं आणि तपासण्या मिळून काम करतात.

‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ती सगळी हाताळली तर ४५ टक्क्यांपर्यंत रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा हिशेब आहे. त्या यादीत ‘आहार’ असं वेगळं कलम नाही. पण उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा आणि वाईट कोलेस्टेरॉल ही चार कारणं आहेत, आणि या चौघांचा रस्ता आपल्या स्वयंपाकघरातूनच जातो. रोजचं पापड-लोणचं, बेकरीची खारी आणि नानकटाई, आठवड्यातून चार वेळा मटण हे चाळिशीतच आवरायचं असतं. मेथी, शेपू, मसूर, ज्वारीची भाकरी, कोकणातला बांगडा हे तर आपलंच खाणं आहे. त्यासाठी परदेशी डबा विकत आणायची गरज नाही.

आजार झाल्यावर

इथे चित्र उलटं होतं. निदान झालेल्या माणसाला मोठा धोका असतो तो वजन उतरण्याचा. जेवलो की नाही हे आठवत नाही, भूक सांगता येत नाही, चव आणि वास बदलतो, घास तोंडात धरून ठेवला जातो. अशा वेळी घरचे प्रेमापोटी परहेज आणखी कडक करतात: मीठ बंद, साखर बंद, तूप बंद. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णावर आहाराची बंधनं शक्यतो टाळावीत, वजनावर लक्ष ठेवावं, आणि शरीरात कमतरता नसताना केवळ स्मरणशक्तीसाठी जीवनसत्त्वं किंवा ओमेगा-३ देऊ नये.

मधुमेह असेल तर विशेष सावध राहा. गोळी घेतली आणि जेवण विसरलं, किंवा गोळी दोनदा घेतली, तर साखर धोकादायक खाली जाते. अशा वृद्धांसाठी डॉक्टर साखरेचं लक्ष्य बऱ्याचदा थोडं सैल ठेवतात. त्याबद्दल त्यांना स्वतःहून विचारा. आणि बी-१२ ची तपासणी जरूर करून घ्या. त्याच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ही कमतरता जास्त दिसते.

बाकी गोष्टी साध्या आहेत. महिन्यातून एकदा वजन करा. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, ताट रंगीत घ्या. चमचा जमत नसेल तर हातात धरता येईल असं द्या: कबाब, उकडलेलं अंडं, केळं. तहान जाणवत नाही, म्हणून पाणी आपण पुढे करा. झोपवून भरवू नका. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. अन्न फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. अक्ल शाबूत नसलेल्या माणसावर रोजाचं बंधन शरीअतने ठेवलेलं नाही. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून ठरवा, तेही रमजानच्या आधी. ते रोजाचा हट्ट धरत असतील तर वाद घालू नका. खजूर आणि पाणी पुढे ठेवा, ‘अब्बा, इफ्तार झाली’ म्हणा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पैशाने येत नाही. हे रुग्ण समोरच्याला खाताना पाहून खातात. तरी अनेक घरांत सांडतात म्हणून, पाहुण्यांसमोर लाज वाटते म्हणून त्यांचं ताट आतल्या खोलीत जातं. एकाच थाळातून मिळून जेवण्याची रीत आपली आहे, त्यात बरकत आहे असं आपण मुलांना शिकवतो. माणूस ज्ञान मिळवूनही उतारवयात काहीच न जाणण्याच्या अवस्थेला पोहोचू शकतो, हे कुरआनने सांगून ठेवलंय. आणि म्हाताऱ्या आई-वडिलांसमोर कंटाळ्याचा शब्दही काढू नका, हेही. बदामाची पुडी घरात आली किंवा नाही आली, त्यांची जागा मात्र दस्तरखानावर, सगळ्यांच्या मध्ये असू द्या.