यवनपुरीस जातांना

“चिरंजीवांनीं आम्हां उभयतांस इजिप्त दाखविण्याचें मनावर घेतलें आहे. सकाळीं कैरोहून अलेक्झांड्रियास जावयाचें व रात्रीं परत यावयाचें, असा कार्यक्रम प्रवासी कंपनीनें आंखला आहे. तो योग्य आहे काय ?” असें एका भगिनींनीं विचारलें आहे. योग्य नाहीं, असें माझें स्पष्ट उत्तर आहे. कारण तो प्रमाद मीं स्वतः केला आहे.

या शहराची ओढ मला ‘पंचसिद्धांतिके’मुळें लागली. सहाव्या शतकांतील त्या ग्रंथांत वराहमिहिरानें यवनपुर व अवंती यांमधील देशांतर ७ नाड्या २० पळें दिलें आहे. यवनपुर म्हणजे अलेक्झांड्रिया असें बहुतेक पंडित मानतात. नाडी म्हणजे आपली घटका, २४ मिनिटांची. तेव्हां अंतर २ तास ५६ मिनिटें झालें. आजच्या रेखांशांवरून उज्जयिनीपासून हेंच अंतर ३ तास ३ मिनिटें येतें. अवघ्या सात मिनिटांचा फरक ! तें गांव एकदां डोळ्यांनीं पहावें, एवढीच निवृत्तीनंतरची हौस होती.

पेन्शनींतून सांठविलेल्या पैशांनीं आम्ही दोघें गेलों. वाटेंत एका अत्तराच्या दुकानांत तास मोडला, आणि कोम एल-दिक्का येथील उत्खननाशीं पोंचलों तों मार्गदर्शक घड्याळ दाखवूं लागला. संगमरवरी आसनांचें रोमन नाट्यगृह तेवढें पाहिलें. त्याच्या शेजारींच पांचव्या ते सातव्या शतकांतील सुमारें वीस व्याख्यानगृहें सांपडलीं आहेत. भिंतीलगत विद्यार्थ्यांसाठीं दगडी बांक व मधोमध शिक्षकाचें उंच आसन. तिकडे वळणार इतक्यांत “चला, चला” सुरू झालें. छत्तीस वर्षें खडू झिजविलेल्या माणसास दुसरें काय पहावयाचें होतें ? आतां पुन्हां जाणें होणार नाहीं.

म्हणून सांगतों, निदान तीन रात्री तेथें काढाव्या. व्हिसाची व्यवस्था निघण्यापूर्वीं बरीच आधीं करावी. उन्हाळ्यांत सारा इजिप्त समुद्राच्या वाऱ्यासाठीं तिकडे लोटतो. डिसेंबर-जानेवारींत पाऊस असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. कैरोहून आगगाडी अडीच-तीन तासांत पोंचविते. सीदी गाबर हें स्थानक आधीं लागतें, मिस्र हें शेवटचें. उतरावयाचें कोठें तें हॉटेलवाल्यास विचारून ठेवावें. शुक्रवार हा तेथील सुटीचा वार. त्या दिवशींच्या वेळांची चौकशी आधींच करावी.

पहिली सकाळ कोम एल-दिक्कास द्यावी, आणि घाई करूं नये. तेथून ग्रीको-रोमन संग्रहालय फार लांब नाहीं. १८९२ त स्थापन झालेलें हें संग्रहालय २००५ पासून बंद होतें, तें ऑक्टोबर २०२३ त पुन्हां उघडलें. दुसऱ्या दिवशीं कोम एल-शुकाफाचीं भुयारी थडगीं व पाँपीचा स्तंभ. (नांव पाँपीचें, पण स्तंभ उभारला डायोक्लेशियन बादशहाच्या सन्मानार्थ; लोक एकदां चुकले कीं शतकानुशतकें चुकतात.) थडग्यांकडे जाण्यास ९९ पायऱ्यांचा गोल जिना उतरावा लागतो, व तितकाच चढावाहि लागतो. आमच्या मंडळींनीं गुडघ्यांमुळें वरच बसून घेतलें, तें शहाणपणाचें झालें. तिसऱ्या दिवशीं सुलतान कायतबाचा १४७७ चा किल्ला पहावा. जगप्रसिद्ध दीपगृह होतें तें याच जागीं. संध्याकाळीं समुद्रकांठच्या रस्त्यानें २००२ त उघडलेल्या नव्या ग्रंथालयाकडे यावें. त्याच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगांतील नाना लिप्यांचीं अक्षरें कोरलीं आहेत.

भोजनाची चिंता भगिनींनीं करूं नये. ‘फूल’ म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, ‘तामिया’ म्हणजे त्यांचेच वडे, आणि ‘कोशरी’ म्हणजे तांदूळ, मसूर, मॅकरोनी, हरभरे व तळलेला कांदा यांचें मिश्रण. हीं कोठेंहि मिळतात. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र पंचाईत आहे. दशम्या व मेतकूट बरोबर घ्यावें. ‘मुलूखिया’ ही पालेभाजी दिसते निरुपद्रवी, परंतु बहुधा मांसाच्या रश्शांत शिजविलेली असते. ‘सियामी’ हा शब्द पाठ करावा. कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या उपासाचें अन्न असा त्याचा अर्थ. त्यांत मांस, अंडें, दूध कांहींच नसतें. कांहीं उपासांत मासे चालतात, म्हणून “मासे नकोत” हें वेगळें सांगावें.

भगिनींनीं परत आल्यावर त्या दगडी बांकांविषयीं मला चार ओळी अवश्य लिहाव्या. किती मुलें एका बांकावर मावत असतील, तेंहि मोजून कळवावें.