पाहणारे आपणही होतो

संपादक महोदय,


जुन्या प्रवासवर्णनांवरील आणि छायाचित्रांवरील आपल्या गेल्या अंकातला लेख मन लावून वाचला. ‘जग पाहिले आणि टिपले ते साहेबाने, आपण फक्त कॅमेऱ्यासमोर उभे राहिलो’ हा त्यातला सूर मात्र मुळीच पटला नाही.

आमच्या इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी 1913 मध्ये युरोपचा दौरा केला. त्यावरचे त्यांचे ‘इम्प्रेशन्स ऑफ ब्रिटिश लाइफ अँड कॅरेक्टर’ हे पुस्तक पुढच्याच वर्षी लंडनच्या मॅकमिलनने काढले. विषय पाहा: साहेबाचे राहणीमान आणि साहेबाचा स्वभाव! त्याच्याही आधी, 1889 मध्ये, पंडिता रमाबाईंनी अमेरिकेची लोकस्थिती थेट मराठीत मांडली होती. या दोघांचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

छायाचित्रांचेही तेच. विल्यम जॉन्सनच्या मुंबईतील जातीजमातींवरील ग्रंथाचे (1863 आणि 1866) लेखकाने भरभरून कौतुक केले आहे. पण त्यातली माणसे स्टुडिओत उभी करून टिपलेली आणि मागचे देखावे नंतर जोडलेले, हे सांगायला नको होते का? ते चित्र म्हणजे जसेच्या तसे लोकजीवन नव्हे. शिवाय त्याच काळात मुंबईत डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे आपले लोक स्वतः कॅमेरा चालवत होते.

लेखमालेच्या पुढच्या भागात या चौघांना जागा द्यावी, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, इचलकरंजी