पहारा कोणाचा, संशय कोणावर?

लातूरहून बार्शीकडे जाताना मुरुड हे बाजाराचे मोठे गाव लागते. अशा गावांत चोरांची आवई उठली की आमच्यासारखे शिकलेसवरलेले लोकही काठी आणि बॅटरी घेऊन रात्रगस्तीला निघतात. गस्तीविषयी आमची तक्रार नाही. पोलीस ठाणे सगळीकडे पुरे पडत नाही, पोलीस पाटील एकटा असतो. घरादाराची काळजी वाटण्यात लाजण्यासारखे काही नाही. आमचा आक्षेप आहे तो बॅटरीचा झोत सर्वांत आधी जिकडे वळतो त्याला. तो वळतो गावाबाहेरच्या पालांकडे.

ही खोड जुनी आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो रद्द केला. कायद्यातून पुसलेला शिक्का गावाच्या मनात मात्र शाबूत राहिला. याच लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त (१९८७) तो शिक्का किती पोळतो हे लिहिले. साहित्य अकादमीने १९८८ साली त्या पुस्तकाला पुरस्कार दिला. आपण ते वर्गात शिकवले, त्यावर परिसंवाद घेतले, ‘वेदनेचा आविष्कार’ सोदाहरण स्पष्ट करायला लावला. सकाळी ‘उचल्या’ शिकवणारा माणूस रात्री पालापाशी उभा राहून ‘कुठले रे तुम्ही? कागद दाखवा’ असे दरडावीत असेल, तर आपण त्या पुस्तकातून काय वाचले? हा प्रश्न पोलिसांचा नाही, समीक्षेचा आहे.

‘नुसती विचारपूस तर करतो,’ असे यावर म्हटले जाईल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथेही संशयापासूनच सुरुवात झाली होती. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरली आणि मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. आपण मुलांचे रक्षण करीत आहोत, असेच त्या जमावालाही वाटत होते.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत करणाऱ्याला, किंवा फरारी म्हणून जाहीर झालेल्याला, सामान्य नागरिक पकडू शकतो. मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. चेहरा अनोळखी आहे, बोली वेगळी आहे, हा गुन्हा नव्हे. मारहाणीचा अधिकार तर पोलिसांनाही नाही.

तेव्हा गस्त घालायचीच असेल तर गस्तकऱ्यांची नावे ठाण्यात नोंदवलेली असावीत आणि त्या नावांत पालावरच्या माणसांचीही नावे असावीत. चोराची भीती त्यांना नसते, असे आपण कशावरून धरून चाललो? आपल्या घराला निदान कडी आहे, कुलूप आहे. पालाला दारच नाही. गावात सर्वांत असुरक्षित कोण, हे ठरवण्यास एवढे पुरेसे आहे. पण त्या पालाची राखण करावी, असे आपल्या एकाही गस्तीला आजवर सुचलेले नाही.